दोन पायांची होडी

मयेकर माझ्याकडे जेवायला असत, आणि पहिला घास घेण्याआधी वाटी पाण्यात सोडून पाहत. वाटीच असं नाही. साबणाची डबी, करवंटी, सासूबाईंचं पूजेचं ताम्हण, काहीही चालायचं. मोरीतल्या घंगाळात वस्तू सोडायची, बोटानं तिचा काठ दाबायचा आणि ती आपली आपण सरळ होते का ते बघायचं.

"ताम्हण बेभरवशाचं आहे, वहिनी," एकदा त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "जरा लाट आली की उलटणार."

"देवाला त्यात बसून विलायतेला जायचं नाही म्हणावं!" सासूबाई आतून ओरडल्या.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत दत्ताराम मयेकर तळमजल्याच्या कोपऱ्यात एकटे राहत. गोदीतल्या एका कारखान्यात नकाशे काढत. गॅलरीला ते 'डेक' म्हणत आणि घरातून निघताना छत्रीआधी वारा बघत. बायको, सुमती, हर्णैच्या अलीकडे एका खाडीकाठी त्यांच्या वडिलांच्या घरी. लग्नानंतर एकदा ती आगबोटीनं मुंबईला यायला निघाली, पण बंदरावरूनच माघारी फिरली. पुन्हा आगबोटीचं नाव काढायचं नाही म्हणाली. का, ते मयेकर सांगत नसत. मग चाळीनं आपलं आपण ठरवलं, की बाईला नवरा पसंत नाही.

मयेकरांचा उपाय साधा होता. ते स्वतः होडी बांधणार, ती खाडीतून थेट परसदारी लावणार आणि बायकोला घेऊन येणार. पण पावसाआधी. एकदा दर्या बंद झाला की वर्ष गेलं. अशी बरीच वर्षं गेली होती.

त्यातही होडी लाकडाची नाही. काचेची! म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, त्यावर एक उग्र वासाचा चिकट रस, तो वाळला की पुन्हा कापड, पुन्हा रस. परदेशी बोटींवरच्या ओळखीच्या इंजिनियरांकडून ते हे सामान मिळवत.

"काचेची?" आमच्या चाळीचे सेक्रेटरी खानोलकर म्हणाले. "बायकोला बरणीत घालून आणताय की काय, लोणच्यासारखं?"

"कागदावर तरी ती पोहते," मयेकर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी काहीही बोललं तरी हेच उत्तर.

कागदावर मात्र एक नव्हे, तीन होड्या पोहत होत्या. वरून तिन्ही सारख्याच. एक डोलकाठी, दोन शिडं, पुढे दोन माणसं आडवी होतील एवढी खोली. फरक सगळा बुडाखाली. पहिलीला खाली एकच खोल पातं. ही वाऱ्याला तोंड देत सरसर जायची, पण उथळ पाण्यात शिरायची नाही. दुसरीचं पातं दोरीनं वर ओढून घेता येई. तिसरीला एकाच्या जागी दोन आखूड पाती, डावीकडे एक, उजवीकडे एक. ती बैलासारखी पाय रोवून वाळूत उभी राहायची, पण चालायला मंद. "वाऱ्यावर ही म्हैस आहे," मयेकर स्वतःच म्हणत. एकदा साचा केला की तिन्ही काढायच्या आणि मग ठरवायचं, असा बेत.

साचा करायला त्यांनी लालबागहून तात्यांना आणलं. तात्या गणपतीचे मूर्तिकार. चाळीच्या चौकात आधी होडीच्या आकाराचा पालथा ठोकळा उभा राहिला. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते, चौकात दर दोन दिवसांनी सभा असायची. वक्ते त्या ठोकळ्यावर चढून बोलत. खाली मयेकर काकुळतीनं, "साहेब, टाच नको! टाच नको!" भाषण जोरात आलं की सगळ्यांची नजर वक्त्याच्या तोंडाकडे आणि मयेकरांची त्याच्या चपलेकडे.

मग ठोकळ्यावरून तात्यांनी प्लॅस्टरचा साचा घेतला आणि आत काच चढू लागली. महिनाभर सगळी चाळ खाजकुयलीत लोळल्यासारखी खाजवत होती. वाळत घातलेल्या कपड्यांत काचेची कुसं! रसाला उकाडा सोसत नसे, ऊन चढलं की भांड्यातच घट्ट व्हायचा. माझं एक पातेलं त्यात गेलं. आत पळी उभीच्या उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाही.

एप्रिल अर्धा सरला तेव्हा होडी वाळली, आणि साच्यातून निघेना.

चाळीतले सगळे पुरुष दोरखंडाला लागले. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हणत ओढलं, "झालाच पाहिजे" म्हणत ओढलं. होडी ढिम्म.

"आत काय लावलं होतंत?" मी तात्यांना विचारलं.

"साबण. गणपतीला लावतो तसाच. आजवर एक मूर्ती अडकली नाही."

"अहो, गणपती मातीचा नाहीतर प्लॅस्टरचा. हा तर चीक आहे, फणसाच्या चिकासारखा! त्याला साबणानं काय होतंय? फणस कापणारी कुठलीही बाई आधी तेल लावते."

"मग आधी का नाही बोललात?" खानोलकर माझ्यावर उखडले.

"विचारलंत कधी?"

आता साचा फोडण्यावाचून इलाज नव्हता. तात्या पाठ फिरवून उभे राहिले. साचा फोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि साचा गेला म्हणजे तीन होड्यांचा बेतही गेला. हातात राहणार एकच, आणि दर्या बंद व्हायला थोडेच दिवस. आम्हाला वाटलं, कुठली करायची म्हणून मयेकर आता आठवडाभर कागद घेऊन बसतील.

ते म्हणाले, "फोडा. दोन पायांची करतो."

"अहो, ती म्हैस ना?" मी विचारलं.

"म्हैसच."

बायकांनी वरवंटे आणले. प्लॅस्टरचे ढलपे उडाले आणि आतून पांढरीशुभ्र, गुळगुळीत होडी निघाली, सोललेल्या शहाळ्यासारखी. तात्यांनी वळून पाहिलं आणि न राहवून तिच्या पोटावरून हात फिरवला.

पुढचे पंधरा दिवस बुडाला दोन पाती आणि वर डोलकाठी बसवण्यात गेले, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी होडी हातगाडीवर चढली. गिरगावात रस्ता माणसांनी फुललेला. आमची गाडी वाडीतून बाहेर आली आणि लोकांना वाटलं, हा चित्ररथच! कोणी हार घातला, कोणी डोलकाठीला भगवा बांधला, सवाष्णींनी कुंकू लावलं. इतकी वर्षं आमच्या मिरवणुका उधळणारे पोलीस आज शिट्ट्या मारून वाट करून देत होते. खानोलकर होडीपुढे छाती काढून चालले होते, जणू त्यांनीच बांधली. चौपाटीवर शंभर हातांनी ती पाण्यात ढकलली. एकदा डुलली, सरळ झाली आणि तरंगली. अख्खी चौपाटी गरजली, "जय महाराष्ट्र!" मयेकर गुडघाभर पाण्यात उभे राहून बोटानं तिचा काठ दाबून पाहत होते.

जन्मभर गलबतं हाकलेल्या, आपल्या गावच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला बरोबर घेऊन ते सुमतीला आणायला निघाले. आभाळ भरू लागलं तरी पत्ता नाही. मी रोज त्यांचं पान वाढून ठेवायची आणि ओरडायची ती सासूबाईंवर.

एका दुपारी तांडेलाचा चौपाटीजवळ राहणारा नातू धावत आला, "आली! आली!"

चाळ चौपाटीवर लोटली. होडी किनाऱ्याला लागली होती, पण कोणी उतरत नव्हतं. ओहोटी चालू होती. पाणी मागे गेलं, तळ वाळूला टेकला आणि होडी आपल्या दोन पायांवर ताठ उभी राहिली. जरासुद्धा कलली नाही. मयेकरांनी बाजूला लाकडी पायरी लावली आणि दूर झाले.

अंगानं भरलेली, नऊवारीतली एक बाई उठली. खानोलकर हात द्यायला पुढे धावले, तर मयेकर एवढे गरजले, "हात लावू नका!" की आम्ही दचकलो. त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ती सावकाश उतरली. कोरड्या वाळूत उभी राहिली, निऱ्या झटकल्या. मी पुढे होऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं.

"आगबोटीला जायच्या पडावात खलाशानं मला खांद्यावरून चढवलं होतं, ताई," ती हळूच म्हणाली. "पडाव हलला, मी पाण्यात. सगळं बंदर हसलं. तेव्हा हे म्हणाले होते, तू मुंबईला येशील ती तुझ्या पायांनी."

मी मयेकरांकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते आभाळाकडे बघत होते, वारा कुठला आहे ते पाहत असल्यासारखे. वारा तर पडला होता.