डाव्या पायतणांच्या रणाची हकीकत

श्रीमंत सकलरंगकर्मचूडामणी, एका टाळीने एकोणतीस मुलांचा गलका बंद पाडणाऱ्या, अखंडितशिट्टीअलंकृत दिग्दर्शिका बाईसाहेब यांचे सेवेसी, विंगेत स्टुलावर बसून विसरलेली वाक्ये पुरविणाऱ्या बखरनवीसाची विज्ञापना ऐसीजे. साहेबी आज्ञा केली की, यंदाचे संगीत नाटक कैसे निवडले गेले, कोण लढले, कोण रुसले, कोणाचे पायतण कोणाचे पायी गेले, हा साकल्य मजकूर लिहून ठेवणे, नाहीतर पुढील साली जो तो म्हणेल की मीच निवडले. आज्ञा शिरसावंद्य. जे डोळां देखिले ते लिहितो, आणि जे देखिले नाही तेही लिहितो, कारण विंगेतून सर्व दिसते. यात कोणाचे वाईट लिहिले गेले तर ते खरे आहे म्हणोन लिहिले, आकसाने नव्हे. थोडे आकसानेही.

मंडळी म्हणजे मुलांची नाटकमंडळी, वय नऊपासून अठरापर्यंत. अठरा पुरी होताच फुलांचा गुच्छ देऊन रुखसत करितात, मग कोणी कितीही रडो. ठाणे म्हणजे ग्रंथालयाचे वरले मजल्यावरील लाकडी जमिनीचा हॉल. खाली वाचक बसतात, म्हणोन वर उड्या मना, आणि नाटकमंडळी म्हटली की उड्या आल्याच, म्हणोन ग्रंथपालबाईंचे व आमचे पिढीजात वैर.

या मंडळीत खर्ज नावे एक मुलगी होती. पाळण्यातले नाव निराळे, परंतु आवाज इतका खालचा की पियानोवाले काका पहिल्याच दिवशी खर्ज म्हणाले आणि तेच चिकटले. नायिकांची गाणी पाहावी तो सारी उंच पट्टीतली. मग सहा वर्षांत या मुलीने झाड, दुसरे झाड, दरवाजा, घोड्याचे मागले पाय आणि ढगांचा गडगडाट इतक्या जहागिऱ्या सांभाळिल्या, आणि तक्रार म्हणून केली नाही. झाड तर ऐसे उभे केले की मध्यंतरात एका पालकाने त्यावर कोट अडकविला आणि हिने तो पुरा दुसरा अंक वागविला. यंदाच्या प्रयोगानंतर महिन्याभराने तिला अठरा पुरी होणार. म्हणजे गाणे म्हणावयाचे तर यंदा, नाहीतर गुच्छ घेऊन घरी जावे. हे तिला ठाऊक होते, आम्हां सर्वांस ठाऊक होते, आणि बोलत कोणीच नव्हते, कारण नाटकमंडळीत खऱ्या गोष्टी बोलण्याचा रिवाज नाही.

नाटकांचे मनसबदार तीन उभे राहिले. पहिले 'आरसेमहालची राजकन्या', त्याचे सरलष्कर गिरकी. ही मुलगी दोन साले नायिका जाहली होती आणि जिन्यात, रांगेत, दातांच्या डॉक्टरांकडेही स्वतःभोवती गिरकी घेतल्याविना राहात नसे. दुसरे 'सात गलबतांचे चाचे', त्याचे सरलष्कर तोफखाना, वय सोळा, हा कानात काही सांगू लागला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाई. तिसरे 'टपालाची खिडकी', हे जुन्या कपाटात पिवळे पडून होते, त्यात नायिका पोस्टमास्तरीण, आणि तिची गाणी सारी खालच्या पट्टीतली. ते खर्जने हुडकले, दोन्ही हातांनी छातीशी धरून आणिले, आणि बाईंच्या टेबलावर ठेवून ती पळाली. दरवाजाचे काम केलेल्या मुलीस आपला मुद्दा मांडणे कोठून येणार?

मग तीन दिवस फोनवरील गटात खलिते फिरले, आणि गिरकीने आरसेमहालाच्या पोशाखांची चाळीस चित्रे धाडिली, आणि तोफखान्याने चाच्यांच्या तलवारबाजीचे चलच्चित्र धाडिले ज्यात त्याच्या आईचा दिवा फुटताना स्पष्ट दिसतो, आणि मग रात्रंदिन फितवा, घालमेल, अमका तिकडे गेला, तमकी इकडे आली, पेन्सिली व चिकटचित्रे वाटून माणसे फोडिली. खर्जने गटावर एकच मजकूर टाकिला की "टपालाची खिडकी पण बघा हं, वेळ असेल तर." त्यावर कोणी अंगठासुद्धा दाखविला नाही.

शनिवारी दुपारी चारांस दरबार भरला. आता मतदानाचा आमचा कायदा सांगणे प्राप्त आहे. पूर्वी हात वर करीत, परंतु मुले दोन दोन हात वर करीत आणि मोजणारा वेडा होई. म्हणोन बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, लाकडी जमिनीमुळे पायतणे तर दाराशी काढतोच, तेव्हा ज्याने त्याने आपले डावे पायतण पसंतीच्या नाटकाच्या कागदापुढे ठेवावे. एका मनुष्यास डावा पाय एकच. बाईसाहेब दिवसा शाळेत गणित शिकवितात, त्यामुळे हा कायदा निर्दोष आहे ऐसी त्यांची खात्री होती.

बाईंनी शिट्टी वाजविली आणि झुंज पेटली. बूट, चपला, सँडल, एक पावसाळी गमबूट, सारे वेगे पुढे आले, धक्काबुक्की जाहली, कोणाचा मोजा कोणाच्या खिशात गेला, आणि मग वासाने बाईंनी खिडकी उघडविली. गणती केली तो आरसेमहाल बारा, चाचे बारा, टपाल अकरा. खर्जने अकरा ऐकिले आणि तिच्या तोंडावर असे हसू आले की बखरनवीस स्टुलावरून पडता पडता वाचला.

परंतु बाईसाहेब बोटे मोजीत मोजीत थांबल्या. बारा आणि बारा चोवीस, आणि अकरा, पस्तीस. मंडळी एकोणतीस. मग एकाच वेळी सर्वजण ओरडले. गिरकीने दगा दगा म्हणोन दोन गिरक्या घेतल्या, तोफखाना "ही सरळ सरळ चीटिंग आहे!" म्हणाला आणि खाली कोणाचे पुस्तक पडल्याचा आवाज आला. बाईंचा हुकूम सुटला की, जो तो आपले मत पायात घालून उभा राहील आणि जे मत उरेल ते लबाड.

तैसे केले. एकोणतीस जण एका पायात पायतण घालून बगळ्यांसारखे उभे राहिले, आणि टपालाच्या कागदापुढे सहा पायतणे शिल्लक राहिली, सहाही उजवी, सहाही टीचभर. सर्वांच्या नजरा चिल्लर पलटणीकडे वळल्या. ही नऊ-दहा वर्षांच्या सहाजणांची फौज, म्होरकी चिमटा, जी खर्जची सख्खी धाकटी बहीण. चिमटाने आधी छताकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग बाई जवळ येताहेत ऐसे पाहून कबुलीजबाब दिला, तो जशाचा तसा लिहितो.

"बाई, आम्हाला चाचेच हवे होते. म्हणून डावे तिकडे ठेवले. पण ताई पण हवी होती. मग उजवे रिकामेच होते ना!"

"अगं, पण मत एकच असतं."

"पाय तर दोन आहेत!"

गणिताच्या बाईंनी स्वतःच्या दोन्ही पायांकडे पाहिले, हे मी अदबीने नमूद करितो. परंतु कायदा तो कायदा. सहा मते रद्द जाहली, टपाल अकरावरून पाचांवर आले, आणि पाठीमागून कोणी तरी म्हणाले की हिनेच पोरांना शिकविले असणार. कोण म्हणाले ते मला ठाऊक आहे, त्याला यंदा मी एकही विसरलेले वाक्य पुरविणार नाही.

खर्जचे कान लाल जाहले. तिने आधी बहिणीस तिचा बूट घातला, नाडी बांधिली, गाठीवर गाठ मारिली, आणि मग मान खाली घालून म्हणाली, "बाई, माझं नाटक काढूनच टाका. उगाच माझ्यामुळे भांडणं नकोत." आणि कागद उचलावयास वाकली. बखरनवीसाचे काळीज तुटले. अहो, ही मुलगी सहा वर्षे मागे उभी राहिली, आणि शेवटच्या साली स्वतःचेच नाटक स्वतःच उचलून मागे ठेवीत होती, आणि आम्ही अठ्ठावीस शहाणे एका पायावर उभे राहून पाहात होतो!

तेव्हा बाईसाहेबांनी खासा हुकूम दिला की, कागद आहे तेथे ठेवणे, बारा-बारांनी कोणीच जिंकलेले नाही, तेव्हा तिन्ही पक्षांनी आपापल्या नाटकातील पहिले गाणे म्हणावे आणि मग पुन्हा मतदान होईल. खर्ज घाबरून म्हणाली मला येत नाही. बाई म्हणाल्या, "सहा वर्षं सगळ्यांची सगळी गाणी तुला पाठ आहेत, मला काय सांगतेस! चल."

मग प्रथम आरसेमहालवाले चढाई करून गेले. गिरकीने वरचा सूर ऐसा लाविला की खिडकीची काच थरथरली, परंतु अखेरच्या गिरकीत ती पडद्यात गुंडाळली गेली आणि तीन जणींनी उलगडून बाहेर काढिली. मग चाचे उठले. बारा जणांनी आरोळी दिली, पाय आपटिले, एकजण टेबलावरून समुद्रात उडी घेता जाहला, आणि समुद्र लाकडी असल्याने जो आवाज जाहला त्याने ग्रंथपालबाई जिना चढून दारात दाखल जाहल्या, हातात तक्रारवही, मुद्रा उग्र. बाईसाहेबांनी हात जोडिले की आता एकच राहिले आहे आणि ते हळू आहे.

खर्ज पियानोपाशी उभी राहिली. पियानोवाल्या काकांनी उजवीकडे हात टाकिला, सवयच तशी, मग चूक ध्यानी येऊन स्टुलासकट डावीकडे सरकले, आणि त्या बाजूच्या पट्ट्या इतक्या वर्षांत कोणी छेडिल्या नव्हत्या की बोटांस धूळ लागली आणि एक पट्टी दाबली ती वरच येईना, नखाने उचलावी लागली. कोणी तरी फिसकन हसले. मग तिने तोंड उघडिले.

"नाव पुसले, गाव पुसले, शाई गेली वाहुनी,
तरी पोचवीन मी, दारोदारी जाउनी."

आता हे कैसे लिहावे? बखरीत लढाया लिहिणे सोपे. तो आवाज जमिनीतून आला, ज्या फळ्यांवर आम्ही उड्या मारीत होतो त्या फळ्यांतून, आणि तळपायांस गुदगुल्या करीत वर चढला, कारण आम्ही अद्याप एका पायाने अनवाणी होतो. गाताना ती हात हलवीत नव्हती, गिरकी घेत नव्हती, नुसती उभी होती, आणि नुसते उभे राहण्यात या मुलीची बरोबरी करील ऐसे कोण आहे? गाणे सरले. ग्रंथपालबाई तक्रारवही उघडून उभ्या होत्या, ती त्यांनी मिटविली आणि म्हणाल्या, "अजून एक कडवं नाही का त्याला?"

कडवे होते. तेही म्हटले.

मग तोफखाना लंगडत पुढे आला, आपला बूट काढिला, टपालापुढे आदळिला, आणि त्याच्या परीने हळू म्हणाला, जे शेजारच्या इमारतीतही ऐकू गेले असेल, "हे एवढं येत होतं तर सहा वर्षं गप्प का बसलीस, बाई!" त्यामागे चाचे एकामागून एक येऊन मिळाले. राहता राहिली गिरकी. तिला तिसऱ्या साली नायिका व्हावयाचे होते, डोळ्यांत पाणी होते, आणि ते तिने लपविलेही नाही. तिने तहाचे एकच कलम घातले की नाटकात एक रजिस्टर पत्र असावे, ते पत्त्यापत्त्यांवर गिरक्या घेत हिंडावे, आणि ते पत्र मी. खर्जने तात्काळ मंजूर केले आणि तिला अशी मिठी मारिली की गिरकीची वेणी सुटली. चाच्यांस समुद्रात उशीर जाहलेल्या पार्सलांची मनसब मिळाली, तलवारी बाद, आरोळ्या कायम.

दुसरी गणती जाहली. टपालापुढे पायतणे पस्तीस. बाईसाहेबांनी चिल्लर पलटणीकडे पाहिले, पलटणीने अनवाणी पावले एकमेकांवर ठेवून बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "असू दे. पस्तीस तर पस्तीस." गणितशास्त्राच्या इतिहासात हा दिवस काळा म्हणावा की सोनेरी, ते शास्त्री जाणोत.

मग लगोलग वाचनास बैसलो. बाईंनी पात्रांची यादी वाचिली, पोस्टमास्तरीण म्हणजे खर्ज ऐसे उच्चारिले, आणि एवढा दंगा जाहला की ग्रंथपालबाईंनीही दोन उड्या घेतल्या, मी स्वतः पाहिले, त्या नाकबूल करितात. खर्जच्या हाती वही दिली, मधोमध खुर्ची ठेविली, समोर टेबल म्हणजे खिडकी. पहिलेच वाक्य तिचे. तिने एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि मग सहा वर्षांचा साठविलेला सारा आवाज लावून म्हणाली,

"पुढचं कोण आहे? या!"

हॉलचे दार उघडले. एक अनोळखी गृहस्थ खांद्यास हत्यारांची पिशवी लावून, घाईघाईने, टोपी काढीत, सरळ चालत येऊन तिच्या टेबलापुढे अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, "मी आहे, मॅडम. नळ कुठला गळतोय?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गृहस्थ प्लंबर, ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावर बोलाविलेले, तेथवर हुकूम पोहोचला आणि ते जिना चढून हजर जाहले. मंडळी हसून हसून जमिनीवर लोळली, परंतु पोस्टमास्तरीण हसली नाही. तिने त्यांचे पुरे म्हणणे ऐकून घेतले, नळाची वाट दाखविली, आणि मग वहीत बोट ठेवून पुन्हा विचारिले, पुढचं कोण आहे. हा मजकूर बरहुकूम लिहिला, कमीजास्ती केली नाही, जेथे केली तेथे गोडीसाठी केली, साहेबी मान्य करावे.