अर्ध्या पंगतीची हकीकत

श्रीअन्नपूर्णा समर्थ आहे. शके अठराशें एक्याऐंशी, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. कोण्या एका राज्यांत जें घडलें, आम्हीं डोळां देखिलें आणि कांहीं अंशीं अंगें भोगिलें, तें यथामति लिहितों. वाचोन कोणीं रागें भरूं नये, आणि भरावयाचेंच जाहलें तर पान वाढण्यापूर्वीं न भरतां जेवणानंतर भरावें.

ते समयीं राज्यांत दाजीबा अखबारनवीस म्हणोन एक भला परंतु भित्रा गृहस्थ दैनिक अखबार काढीत असे, आणि त्यांत दर गुरुवारीं ‘रीतभात’ या नांवाचें सदर भागीरथीबाई चौबळ लिहीत असत. बाई वयें पंचावन्न, पूर्वीं मुलींचे शाळेंत मास्तरीण, नजर तीक्ष्ण आणि जिव्हा तीहून तीक्ष्ण. रयत त्यांस पत्रें लिहोन शंका पुसे. कोणी पुसिलें कीं पाहुणा उठतां उठेना, काय करावें, तर बाईंनीं छापिलें कीं त्यास दारापर्यंत पोंचवावयास निघावें, तो बसलेला असला तरी. कोणी पुसिलें कीं शेजारीण वाटी रिकामी परत करिते, तर उत्तर आलें कीं वाटी रिकामी आली याचें दुःख करूं नये, चार बातम्या घेवोन आली हें पाहावें. ऐसा हा दरबार चाले आणि आम्हांसारखीं सरकारी माणसेंही सरकारी हुकुमाआधीं तें सदर वाचीत.

आतां राज्याचा कारभार दिवाणसाहेबांचे हातीं होता आणि दिवाणसाहेबांचा कारभार त्यांचे पोटाचे हातीं होता. अम्लपित्ताची व्यथा जुनी. सणावारीं मोठ्या पंगती घालीत, बोलावणें टाळण्याची कोणाची छाती नसे, आणि साहेब वरणभाताचे दोन घांस घेवोन उठत. मग साहेब उठले म्हणोन चिटणीस अप्पाजी उठे, अप्पाजी उठला म्हणोन कारकून उठत आणि दोनशें पानें जिलबीचें तोंड न पाहतां उठत. मूळ रीत ऐसी कीं शेवटल्याचें होईतों पहिल्यानें उठूं नये. परंतु सत्तेपुढें शहाणपण चालेना, आणि वीस वर्षांत लोक उलटी रीतच खरी मानूं लागले. आम्हीही उठत होतों. खोटें कशास लिहावें.

मग कमळजा सोनटक्के नामें एका सुनेनें बाईंस पत्र लिहिलें. त्यांत मजकूर कीं आमचे मामंजी तात्या यांनीं चाळीस वर्षें दफ्तरांत कारकुनी केली, वय ब्याऐंशी, मुखांत दांत एक नाहीं. पंगतीचें बोलावणें आलें म्हणजे हौसेनें जुना कोट घालोन जातात आणि घरीं येवोन स्वयंपाकघरांत हळूच भात मागतात. उपाशी येतात याचें वाईट वाटतें, परंतु ओसरीवर बसोन शेजाऱ्यांस ‘आज आकंठ झालं’ म्हणोन सांगतात, तें ऐकवत नाहीं. यांत रीत काय, तें कळवावें.

बाईंनीं तें पत्र तीन वेळां वाचिलें आणि एरवीं असे ती थट्टा बाजूस ठेविली. गुरुवारीं छापोन आलें कीं पंगतीचा वेग सर्वांत सावकाश जेवणाऱ्यानें ठरवावा. तो जेवीत असतां जो उठतो तो अशिष्ट, आणि त्याचा हुद्दा जितका थोर तितका अशिष्टपणा थोर. पोट बिघडलें असल्यास पानावर स्वस्थ बसोन राहावें. बसावयास दांत लागत नाहींत आणि पचनही लागत नाहीं.

नांव कोणाचेंही नव्हतें, तरी टोपी ज्याची त्यास बरोबर बसली. दिवाणसाहेब संतापले आणि अप्पाजीकरवीं माफीचा कागद लिहवोन सहीकरितां धाडिला. बाईंनीं त्यास बसावयास पाट दिला, चहा दिला आणि कागद परत दिला, कीं दुसऱ्यानें लिहिलेली माफी म्हणजे दुसऱ्यानें चावलेला घांस. तेव्हां हुकूम सुटला कीं साहेबांचे साठीशांतीचे पंगतींत बाईंनीं सर्वांसमक्ष तोंडानें माफी मागावी, न मागतील तर सदर कायमचें बंद. दाजीबा बाईंकडे येवोन रडकुंडीस आला, कीं सदर गेलें तर अखबार वाचील कोण. बाईंसही तें सदर जिवापलीकडे होतें, घरीं दुसरें माणूस नव्हतें. त्या इतकेंच बोलल्या कीं बोलावणें आलें आहे, जाणें प्राप्त.

साठीशांतीचे दिवशीं दोनशें पानें मांडिलीं. बाईंचा पाट साहेबांचे समोर होता, तो बाईंनीं स्वहस्तें उचलिला आणि तात्यांचे शेजारीं नेवोन ठेविला. अप्पाजीनें माफीचें सुचविलें, तर म्हणाल्या कीं अन्न वाढलें असतां भाषण करूं नये. हें रीतीस धरोन होतें, कोणास कांहीं बोलतां येईना. मग साहेबांनीं दोन घांस घेतले आणि उठले. अप्पाजी उठला, कारकून उठले, आम्ही उठलों. तात्या एक हात भुईस टेंकोन अर्धे उठले होते, तोंच बाईंनीं त्यांचे कोटाची बाही धरिली.

“तात्या, बसा. भात निवतोय.”

अप्पाजी पुढें जाहला. “बाई, दिवाणसाहेब उठले.”

“पाहिलं मी. त्यांना घाई असेल. आम्हांला नाही.”

तात्यांनीं बाईंकडे पाहिलें, साहेबांकडे पाहिलें. मग ते खालीं बसले आणि घांस घेतला. दोनशें माणसें उष्टे हात घेवोन उभीं, आणि सभागृहांत एक म्हातारा भात मऊ करोन खातो आहे. आम्हांस त्या वेळीं मोठी लाज वाटली. इतक्यांत आचाऱ्यानें, कोणी न सांगतां, जिलबीचें ताट आणिलें आणि तात्यांस दोन वाढोन वर दूध ओतिलें. मग पलीकडचा एक पेन्शनी खालीं बसला. मग कोठीवाला बसला. मग आम्ही बसलों. चार दोन करितां सारी पंगत बसली आणि उभे राहिले ते दिवाणसाहेब आणि अप्पाजी.

“आणि माफी?” साहेबांनीं पुसिलें.

बाई तात्यांचा ताकभात होईतों थांबल्या, मग उठल्या आणि पंगतीस हात जोडिले. “बारा वर्षं रीत सांगत आले. ही सांगायला मी उशीर केला. तात्या, तेवढं माफ करा.”

साहेबांकडे न पाहतां हात धुवावयास गेल्या.

दुसरे दिवशीं सदर बंद जाहलें. दाजीबानें त्या जागीं पंचांग छापिलें, आणि बाईंनीं पुन्हां अर्ज केला नाहीं कीं कोणाची भीड घातली नाहीं.

एवंच, बाईंचें सदर गेलें तें गेलें, आजतागायत बंद आहे. जय कोणाचा आणि पराजय कोणाचा हें ज्यानें त्यानें समजोन घ्यावें. पाडव्याचे पंगतींत दिवाणसाहेब दोन घांस घेवोन उठावयास गेले, तों कोणी हाललें नाहीं, अप्पाजीही नाहीं. साहेब पुन्हां बसले आणि तात्यांचें होईतों आपले पानाकडे पाहात राहिले.