पातेल्यातला शोमरोनी

दुधाच्या पातेल्यात शोमरोनी उकळतोय.

"चहा कशात करायचा?" टेलरबाईंचा वायरमन नवरा स्वयंपाकघराच्या दारातून विचारतो.

दोरीवर दोन चोर, एकेका पायाला चिमटा.

"पुढच्या रविवारी बघू," गेल्या रविवारी मुलीला घेऊन जाताना नर्सबाई म्हणाल्या होत्या. हसल्या नव्हत्या.

गाढव मात्र ठणठणीत आहे.

या सगळ्याच्या मुळाशी भिंगरी होती, टेलरबाईंची सात वर्षांची लेक. चर्चमधलं संडे स्कूल टेलरबाई चालवायच्या. फळ्यावर स्वतः कापलेली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाची, माणसं चिकटवत गोष्ट सांगायची, ही त्यांची पद्धत. गेल्या रविवारी गोष्ट होती बायबलातल्या चांगल्या शोमरोनीची. चोरांनी झोडपून वाटेत टाकलेल्या माणसाकडे त्याचेच लोक, देवळातला याजकसुद्धा, बघून न बघितल्यासारखं करतात, आणि परक्या लोकांतला शोमरोनी त्याला उचलून गाढवावर घालतो, खानावळीत नेतो. प्रश्न एकच: तुझा शेजारी कोण?

चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या नर्सबाईंच्या मुलीने फळ्यावर लावायला शोमरोनी उचलला. भिंगरीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तू नको. तू चोर लाव. तो तुझ्या रंगाचा आहे."

नर्सबाई मुलीला न्यायला नेमक्या तेव्हाच दारात आल्या होत्या. टेलरबाईंना भुई दुभंगेल तर बरं, असं झालं. त्यांनी भिंगरीचा कान धरून सॉरी म्हणायला लावलं. भिंगरीने ते कडू औषधासारखं थुंकलं. त्या पोरीने आईचा हात घट्ट धरला आणि मागे वळून बघितलं नाही. ती पुन्हा आली नाही तर का आली नाही, हे सगळ्या मंडळीला कळणार होतं. त्याहून वाईट म्हणजे ते त्या पोरीला आधीच कळलं होतं.

घरी टेलरबाईंनी विषय काढला.

"देवाने सगळ्यांना सारखंच केलंय, कळलं?"

"मग शोमरोनी गुलाबी का?"

"तो... तसाच आहे."

"आणि दोन्ही चोर तपकिरी का?"

"जेव आधी."

"याजक गुलाबी. मार खाल्लेला माणूस गुलाबी. तो खानावळवाला तर..."

"जेव म्हटलं ना!"

भिंगरी जेवली. प्रश्न उपाशी राहिले.

बोलण्यापेक्षा काम सोपं, हा टेलरबाईंचा जन्माचा अनुभव. शनिवारी त्यांनी कापडाला द्यायच्या तपकिरी रंगाची पुडी आणली, मोठ्यात मोठं पातेलं काढलं आणि अख्खी गोष्ट त्यात बुडवली. लोकरीचं कापड उकळलं की आटतं, हे त्या गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा बजावायच्या. त्या दिवशी बजावायला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आठवलंच नाही. शोमरोनी बोटाएवढा होऊन बाहेर आला. सगळ्यांचे पेनाने काढलेले डोळे, दाढ्या, ओठ पाण्यात गेले. गाढव तेवढं सुती होतं. ते होतं तेवढंच राहिलं.

"चोरपण घातलेस?" भिंगरी पातेल्यात डोकावली.

"सगळेच घातले. सगळे सारखे."

"सारखे कुठे? ते आधीच तपकिरी होते. आता काळेकुट्ट झाले."

टेलरबाईंनी कपाळावर हात मारला आणि चोर ब्लीचमध्ये टाकले. अर्ध्या तासाने ते बाहेर निघाले, फिकट गुलाबी, जरा डागाळलेले.

भिंगरीने दोरीखाली उभं राहून नीट निरखलं. "आई, आता चोर तुझ्यासारखे दिसतात."

नवऱ्याने कपात तोंड खुपसलं. "नाकापाशी जरा जास्तच."

"तुम्ही गप्प बसा! एकानेही मला मदत करू नका, फक्त गप्प बसा!"

चोर परत पातेल्यात गेले. या खेपेला सगळे खरंच सारखे झाले.

रविवारी फळ्यावर हत्तीएवढं गाढव उभं होतं आणि त्याच्या पायाशी बिनचेहऱ्याची, बोटाबोटाएवढी तपकिरी माणसं. नर्सबाई आल्या, पण मागे दारापाशीच थांबल्या, जायच्या तयारीत. त्यांची मुलगी पुढे आली. बराच वेळ बघत राहिली.

"यातला चांगला कुठला?"

टेलरबाईंनी फळ्याकडे बघितलं. त्यांनाही सांगता येईना.

"आधी कळायचं," भिंगरी म्हणाली. "रंगावरून."

मग ती आईकडे वळली.

"आई, पण ते तसं केलं कुणी होतं?"

टेलरबाईंनी खडूचा डबा उघडला, बंद केला. "जेव आधी" म्हणायला इथे ताटही नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या. "चोरांना तो रंग मीच दिला. चुकलं माझं."

"मग सॉरी म्हण. मला लावलंस तसं." भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिच्याकडे बघून. पुटपुटायचं नाही."

टेलरबाई गुडघ्यांवर बसल्या, त्या मुलीकडे बघून सॉरी म्हणाल्या. पुटपुटल्या नाहीत. कान कुणी धरला नव्हता, तरी तो लाल झाला होता.

मुलीने विचार केला. "ठीक आहे. पण शोमरोनी कुठला, ते मी ठरवणार."

मागे नर्सबाईंनी एक लहान मुलांची खुर्ची ओढली आणि तिच्यावर कशाबशा टेकल्या.

आठ वर्षांपूर्वी दुकानात गुलाबी आणि तपकिरी फेल्ट शेजारीशेजारी ठेवलेलं होतं, आणि कुठल्यातून कोण कापायचं हे ठरवायला टेलरबाईंना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.