टँकरवरचा बोकड

तीन गावांची मिळून एक नगरपालिका झाली, तेव्हा तिच्या वाट्याला एक पाण्याचा टँकर आला. पण चिन्हाशिवाय पालिकेचं वाहन रस्त्यावर आणणं नियमबाह्य, आणि चिन्ह अजून ठरायचं होतं. म्हणून टँकर काठोकाठ भरून चौकात उभा करण्यात आला.

त्यातल्या डोंगरावरच्या आमच्या केद्रोस गावाचा झरा जूनमध्येच आटला. दियामांतोमावशी रोज डोंगर उतरून पालिकेत जायच्या.

"अध्यक्षसाहेब, माझ्या शेळ्या मरतायत. पाणी कधी?"

"मावशी, चिन्ह समिती बसली आहे," नगराध्यक्ष थ्रासिवूलोस गंभीरपणे म्हणाले.

"बसलेली दिसतेय. उठणार कधी?"

समितीचंही खोटं नव्हतं. लिमानाकी बंदराला ऑक्टोपस हवा होता. तिसऱ्या गावाला, एलोनासला, जैतुनाची फांदी, कारण ती एका प्राचीन नाण्यावर होती. ते नाणं कुणी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या आजोबांनी पाहिलं होतं. आम्हाला अर्थातच बोकड. शेवटी तिन्ही घ्यायचं ठरलं, तर एलोनासने हरकत घेतली.

"बोकड फांदी खाईल."

"अहो, चित्रातला?"

"तुम्हाला केद्रोसचे बोकड माहीत नाहीत!"

मग ऑक्टोपसच्या एका हाताने बोकडाचं तोंड धरावं, असा तोडगा निघाला. त्यावर आमचा स्वाभिमान खवळला. भरपाई म्हणून बोकड सगळ्यांच्या वर गेला. मग लिमानाकीने ऑक्टोपसचे हात वाढवून घेतले आणि एलोनासने जैतुनं. चित्र टँकरच्या दारावरून निघालं ते टाकीला वळसा घालून मागच्या नळापर्यंत पोहोचलं.

बोकडासाठी नमुना म्हणून मावशींचा मूर्गोस निवडला होता. हा घंटेचा बोकड सगळ्या कळपाच्या पुढे चालायचा. रंगकाम संपेपर्यंत त्याची हाडं मोजता येऊ लागली. समितीने पाहणी करून शेरा मारला: 'सदर बोकड मंजूर चिन्हाशी विसंगत आहे.'

ऑगस्टच्या जत्रेला टँकर वाजतगाजत केद्रोसला आला. पाद्रीबाबांनी तुळशीच्या जुडीने सगळ्यांवर तीर्थ शिंपडलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिळालेलं पाणी तेवढंच. मावशी बादली घेऊन नळाकडे धावल्या, तर आमच्याच गावच्या चार जणांनी त्यांना धरलं.

"मावशी, नळ बोकडाच्या मानेत आलाय! फिरवलात तर मान मुरगळेल!"

"मेल्यांनो, खरी मान इथे पडलीय, ती बघा की!" पायाशी कोसळलेल्या मूर्गोसकडे बोट दाखवत त्या ओरडल्या. "हाच तो! ह्यालाच बघून काढलंय ना ते?"

"तो नमुना होता, मावशी," अध्यक्षांनी समजूत घातली. "बोकड तो वरचा."

आम्ही वर पाहिलं. गुबगुबीत, तुकतुकीत, ऑक्टोपसपेक्षा चांगला वीतभर उंच. ऊर भरून आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टँकर भरलेलाच परत गेला. मावशी बराच वेळ मूर्गोसच्या गळ्यातली घंटा सोडवत बसल्या होत्या.

हसू नका. टँकर तुमच्याही दारात येत असेल. त्याच्यावर चित्र कुणाचं आहे, ते तुम्हाला तोंडपाठ असेल. नळ कुठल्या बाजूला आहे, तेवढं जरा आठवून सांगा.