आहे तसंच छापा!

"मंदाकिनीकाकू, तुम्ही निर्धास्त राहा! मानपत्र माझ्याकडे लागलं!" आमोदनं छातीवर हात मारून सांगितलं. "युनिकोड आहे ते. इथं ‘ळ’ टाइप केला की लंडनमध्येसुद्धा ‘ळ’च दिसणार!"

मंदाकिनीबाईंचा उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनिमित्त माजी विद्यार्थी सत्कार करणार होते. घरी लग्नपत्रिका आली तरी बाई आधी लाल पेनानं चुका सुधारायच्या, मग तारीख बघायच्या. "बघू," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या मुलीनं, अपूर्वानं, आमोदला जिन्यात गाठलं. "एक वेलांटी जरी चुकली ना, तर आई आपल्या लग्नाला हो म्हणेल हे विसर!"

घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर मजकूर असा देखणा उमटला की आमोद स्वतःवरच खूश झाला. ऑफिसातल्या जुन्या लिनक्सवर तीच फाइल उघडली, तर टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांची रांग! "किरकोळ आहे," म्हणत त्यानं एक कमांड ठोकली. टोप्या गेल्या, प्रश्नचिन्हं आली.

"इथं फॉन्ट नसणार," त्यानं स्वतःची समजूत घातली. "आत मजकूर जागच्या जागी असेल. प्रेसवाल्यांकडे फॉन्ट असतातच की!" मजकूर कसला, डोंबल! कमांडनं तो केव्हाच धुऊन काढला होता. पण आमोद फाइल नारायण पेठेतल्या श्यामरावांच्या प्रेसला धाडून मीटिंगला पळाला.

प्रेसमध्ये पाटीच होती: ‘मजकूर ग्राहकाचा. आम्ही अक्कल लावत नाही.’ तरी श्यामरावांनी फोन केला.

"आहे तसंच छापायचं?"

"अहो, तसंच! एक टिंबसुद्धा हलवू नका!"

"टिंबं भरपूर आहेत," म्हणून श्यामरावांनी फोन ठेवला.

रविवारी भर स्टेजवर सुहासिनी नावाच्या माजी विद्यार्थिनीनं मानपत्रावरचा सोनेरी कागद फाडला, घसा खाकरला आणि चौकट उलटी करून बघितली! चौकटीत वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं! संपलं लग्न, आमोदला वाटलं!

मंदाकिनीबाईंनी चष्मा चढवला. सगळं मानपत्र शांतपणे वाचलं. मग माइकवर म्हणाल्या, "प्रश्नचिन्हाच्या आधी वाक्य लागतं, एवढं मी पाचवीलाच शिकवत होते." हॉल हसून हसून लोळला. आमोदला मात्र धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

पुढच्या आठवड्यात तो हातानं लिहिलेलं नवं मानपत्र घेऊन, भीत भीत काकूंकडे गेला. बघतो तर जुनंच बैठकीच्या भिंतीवर, मधोमध! शेजारच्या कौशल्याबाई डोळे बारीक करून ते न्याहाळत होत्या.

"अहो बाई, हे काय हो?"

मंदाकिनीबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"ते ना? आमचे होणारे जावई."