तळ्यावरचा उजेड

सकाळपासून तळं काही हलत नव्हतं. ताई जेवणाच्या टेबलावर ओणव्या होऊन ओला ब्रश त्याच्यावर घासत होत्या, कागदी रुमालाने टिपत होत्या, पुन्हा घासत होत्या. रुमाल पांढराच्या पांढरा.

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, हा चित्रकलेच्या सरांचा दंडक. ऊन दाखवायचं तर लावलेला रंग ओलवून टिपून काढायचा. खालचा कागद डोकावतो, तेच ऊन. क्लासमध्ये याला ‘उजेड उचलणं’ म्हणत. सगळ्यांचा उजेड मुकाट्याने उचलला जाई. ताईंनी मात्र तळ्याला नेमका तो निळा फासला होता, ज्याच्याबद्दल सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, “हा एकदा कागदात घुसला की सोडायचं नाव नाही.” त्या तासाला ताई गैरहजर होत्या.

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं चित्र प्रदर्शनात लागणार होतं. सरांची अट एकच. पाचच्या आत तळ्यावर उजेड हवा. नाहीतर त्यांच्या खिळ्यावर बँकवाल्या मॅडमच्या फुलदाणीचं चित्र लटकणार होतं.

दीड वाजता यजमान जेवायला वर आले. खाली त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, आणि तीस वर्षं लोकांचे डाग काढून काढून त्यांचं नावच ‘डागवाले’ पडलं होतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

“कशाचा डाग?”

“डाग नाही, तळं आहे.”

“कधीचं?”

“मंगळवारचं.”

“ताजं आहे की. आधी घरी काय लावलं होतंत?” गिऱ्हाइकाशी बोलायची सवय त्यांना बायकोसमोरही सुटली नव्हती.

“पाणी.”

“तिथंच चुकतं लोकांचं,” डागवाले हळहळले आणि न जेवताच खाली गेले. आले ते एक लहान बाटली, मऊ ब्रश आणि पांढरं फडकं घेऊन.

“अहो, तुम्ही हात लावू नका. ही कला आहे.”

“अगं, जरीच्या साडीवरची शाई काढलीय मी. हा तर कागद.”

एरवी ताईंनी ऐकलं नसतं. पण घड्याळात दोन वाजत आले होते. डागवाल्यांनी एक थेंब सोडला, ब्रश गोल फिरवला, फडक्याने टिपलं. आणि तळ्याच्या मधोमध बोटभर ऊन पडलं. अगदी खरंखुरं.

“बस्स! थांबा! झालं!”

“झालं कुठं? कड राहिलीय बघ.”

“राहू दे. तळ्याला कड असतेच.”

“असा अर्धवट माल दुकानातून गेला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.”

“गिऱ्हाईक मी आहे ना? मला चालतंय. लावा झाकण!”

डागवाल्यांनी झाकण लावलं. ताईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच त्या निश्चिंतपणे केस धुऊन सावकाश अंघोळ करायला गेल्या. संसारातल्या निश्चिंतपणाची त्यांना अजून पुरती ओळख नव्हती, असंच म्हणावं लागेल.

पाऊण तासाने दारावर टकटक झाली.

“अगं, तो मागचा डोंगर तुला हवाच आहे का?”

“हवाच आहे का म्हणजे?”

“काही नाही, सहज विचारलं.”

डोळ्यांत साबण गेलेल्या अवस्थेत माणूस जितक्या वेगाने अंघोळ उरकू शकतो, तितक्या वेगाने ताई बाहेर आल्या. टेबलावर चित्र नव्हतं. कोरा कागद होता. नुसता कोरा नव्हे, कडक इस्त्री केलेला.

“हे काय केलंत?”

“कड काढली,” डागवाले म्हणाले. “ती काढली तर तिच्या बाहेर दुसरी उमटली. ती काढली तर ती डोंगरावर गेली. डोंगर साफ केल्यावर आभाळ मळकट दिसायला लागलं. आता असं एका बाजूला स्वच्छ आणि एका बाजूला मळकट मी कसं ठेवणार?”

“आणि झाडं?”

“झाडांना थोडा वेळ लागला.”

“तीन आठवडे घालवले हो मी त्यात!”

“आता बघ ना उजेडात धरून. एक डाग दाखव, म्हणशील ते करीन.”

ताईंना एकही दाखवता आला नाही, आणि त्यामुळे त्या जास्तच भडकल्या. निदान आपण काम अर्धवट टाकलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तो कागद घेऊन त्या तरातरा क्लासवर गेल्या. साडेचार वाजले होते. सर भिंतीवर खिळे मोजत होते.

“लावा ती फुलदाणी,” ताईंनी कागद त्यांच्यापुढे आपटला. “उजेड उचलला आमच्या ह्यांनी. सगळाच.”

सरांनी कागद हातात घेतला. तिरका धरला, बोट फिरवलं, शेवटी वास घेतला.

“तो निळा निघाला? तो?”

“काही ठेवलं नाही, सर.”

“आणि कागद कुठेच खरवडला नाही?” सरांनी दार लोटून घेतलं. “ताई, तुमचा खिळा उद्या दहापर्यंत तुमचाच. आज घरी याच कागदावर पुन्हा रंगवा, आणि तळ्यातली उन्हाची जागा आधीच कोरी सोडा. उचलायची भानगडच नको. तेवढं माझं एक काम करा.”

त्यांनी कपाट उघडलं आणि मागच्या बाजूने जाडजूड गठ्ठा ओढून काढला. डोंगर, नद्या, तळी. सगळी त्याच निळ्यात बुडालेली. एकूण बावीस.

“कागद फार महाग असतो हो,” सर पुटपुटले. “यजमानांकडे देता का?”

ताई प्रामाणिक होत्या. “सर, आधीच सांगते. ते उजेडापाशी थांबत नाहीत. काही म्हणजे काही उरत नाही.”

“नको उरायला,” सर म्हणाले. गठ्ठा ताईंच्या हातात देता देता त्यांनी वरचं चित्र क्षणभर न्याहाळलं, आणि खाली कोपऱ्यातल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

“सही तेवढी राहू द्या म्हणावं.”