चंद्रा कुणाचं ऐकते?

जोतीराम चौगुलेचं घरात कुणी ऐकत नसे. चहात साखर वाढव म्हटलं की ती कमी यायची, पंखा बंद कर म्हटलं की एका आकड्यानं वाढायचा. ऐकायची ती फक्त चंद्रा. चंद्रा म्हणजे गोठ्यातली म्हैस. जोतीरामनं फटफटीला किक मारली की ती शेपूट उडवत मागं धावायची. त्याच्या पेठेतल्या म्हशी दिवाळीच्या पाडव्याला अशाच मालकाच्या गाडीमागं पळतात, आणि चंद्रा पळताना जोतीरामची छाती शर्टात मावत नसे.

पाडवा पंधरा दिवसांवर आला आणि गारगोटीहून मेहुणे गणपतराव आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "दाजी, म्हस तुमचं न्हाय, गाडीचं ऐकतीया."

"माझंच ऐकती."

"मग गाडीबिगर चालत फिरवून दावा की. न्हाय जमलं तर मिशी काढायची."

"आन् जमलं तर?"

"माझी काढतो."

घरात जोतीरामच्या ताब्यात होती ती एवढी मिशीच. तरी तो व्हय म्हणून बसला. रविवारी सकाळी सगळ्या गल्लीसमोर त्यानं चंद्राचा दोर सोडला आणि दहा पावलं पुढं जाऊन हाक मारली. चंद्रानं त्याच्याकडं बघत निवांत रवंथ चालू ठेवलं.

तेवढ्यात त्याची मुलगी संयोगिता घाईनं बाहेर आली. स्कूटी पंक्चर, राजारामपुरीतल्या क्लासला उशीर. तिनं बापाच्या फटफटीला किक मारली आणि ती सुटली. तिच्यामागं चंद्रा सुटली. चंद्रामागं जोतीराम, आणि जिंकलेली पैज डोळ्यांनी बघायला गणपतराव रिक्षातून. पाडव्याची तालीम समजून रस्त्यावरचे लोक शिट्ट्या वाजवत होते.

फटफटी क्लासच्या दारात थांबली. संयोगिता पायरी चढते न चढते तोवर मागून चंद्रा आणि जोतीराम पोहोचले, रिक्षातून गणपतराव उतरले. आत अमरसिंह सर फळ्यावर लिहीत होते. पावलं वाजली तशी मागं न बघताच ते गरजले, "उशिरा आलेले दारात उभे राहा. कान धरा. बोलायचं नाही."

संयोगितानं कान धरले. जोतीरामला शाळा सोडून तीस वर्षं झाली होती, पण हात आपोआप वर गेले. गणपतराव तर सातवीतच शाळेतून पळालेले. त्यांनी सगळ्यांत घट्ट धरले.

चंद्रा तेवढी सरळ आत गेली आणि टेबलावरच्या नोट्स चघळायला लागली. सरांनी वळून बघितलं आणि ते खुर्चीवर चढले.

"म्हैस कुणाची आहे?"

संयोगितानं मानेनंच बापाकडं खूण केली.

"तुम्ही. हिला आधी बाहेर काढा. मुली, तू आत ये."

काढणार कशी? किल्ली संयोगिताच्या खिशात, आणि मागायची तर बोलायचं नव्हतं. जोतीरामनं गाल फुगवले आणि तोंडानंच आवाज काढला, "फट् फट् फट् फट्." हे काही बोलणं नव्हे, असं त्याचं त्यानंच ठरवलं. चंद्राचे कान उभे राहिले. तो वळला, ती मागं आली. राजारामपुरीपासून पेठेपर्यंत जोतीराम तोंडानं फटफटी चालवत चालत आला, आणि चंद्रा त्याच्यामागं डौलात.

दारात बायको क्रांती उभी होती. "अहो, कान का धरल्यात?"

जोतीरामनं बघितलं. खरंच, दोन्ही हात कानांवरच होते. "सर सोडा म्हणालं न्हाईत," तो ओशाळून म्हणाला आणि त्यानं हात खाली घेतले.

तेवढ्यात संयोगिताचा फोन आला. "पप्पा, क्लास सुटला. सर मागच्या दारानं घरी गेले. पण मामा अजून दारात कान धरून उभं हाईत. हलतच न्हाईत."

जोतीरामनं छाती पुढं काढली. "स्पीकर लाव." आणि जन्मात कधी न काढलेल्या आवाजात तो म्हणाला, "गणपतराव, हात खाली."

"व्हय सर," पलीकडून आलं.

क्रांती तोंडावर पदर धरून बघत राहिली. जोतीरामनं मिशीला एकदा पीळ दिला.

"म्हस चालत घरी आलीया. आता कोपऱ्यावरच्या सलूनात जायचं. मिशी काढायची. मगच घरी यायचं."

"व्हय सर."